टोचलेले कान आणि कोकणातला पावसाळा

मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी मुलांचे कान टोचले जातात आणि मिरगाचा पाऊस स्थिरावला की त्याविषयीची पत्रे आमच्याकडे येऊ लागतात. यंदा आलेल्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातली अडचण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पुष्कळ घरांत उद्भवते.

प्रश्न : माझी मुलगी अकरा महिन्यांची आहे. मे महिन्यात माहेरी देवगडला गेले असता मामाच्या मांडीवर बसवून, गावच्या सोनाराकडून तिचे कान टोचून घेतले आणि सोन्याच्या तारेच्या बाळ्या घातल्या. त्याला आता पाच आठवडे झाले. सासूबाई रोज आंघोळीनंतर खोबरेल तेलात हळद कालवून लावतात आणि छिद्र बुजू नये म्हणून तार गोल फिरवतात. पाऊस लागल्यापासून उजव्या कानाची पाळी ओलसर राहते, तारेवर पिवळी खपली धरते आणि उशीच्या अभ्र्याला डाग पडतात. शेजारच्या काकू म्हणतात की तार काढून नारळाच्या हिराची काडी घालावी. यजमानांनी मेडिकलमधून एक मलम आणून ठेवले आहे. काय करावे?
– एक आई, कणकवली तालुका

उत्तर : सर्वप्रथम, तार काढू नये. कान चिघळला की तार काढण्याचा मोह होतो, परंतु नव्या छिद्राची तोंडे दोन्ही बाजूंनी लवकर मिटतात आणि आत पू असल्यास तो तेथेच कोंडून गाठ होते. तार जागेवर असली तर घाण बाहेर पडायला वाट राहते. ती काढायचीच असेल तर तो निर्णय कान प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरांनी घ्यावा.

त्यानंतर आपण पाहत आहात तो पू आहे की नुसता चीक, हे ठरवावे. टोचल्यानंतर काही आठवडे छिद्रातून पातळ, पांढरट-पिवळसर चीक येतो, तो वाळून तारेवर कडक कण धरतात, आणि ही भरून येण्याचीच खूण असते. पू मात्र दाट, पिवळा किंवा हिरवट असतो आणि त्याला बहुधा वास येतो. त्याच्याबरोबर पाळी लाल व गरम होते, सुजते, आणि हात लावताच मूल किंचाळते. आपण लिहिलेल्या वर्णनावरून दोन्ही शक्य आहे. केवळ एकच कान बिघडला आहे आणि तोही पाचव्या आठवड्यात, म्हणजे तो सुकायला लागायला हवा होता तेव्हा. त्यामुळे मी तो एकदा दाखवून घ्यावा, असेच म्हणेन. मुलीला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल, लाली पाळीच्या बाहेर गालाकडे किंवा कानाच्या वरच्या भागाकडे सरकत असेल, अथवा कानामागे गाठ लागत असेल, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी जावे. यांपैकी काही नसेल तर खाली सांगितलेली निगा दोन दिवस राखून पाहण्यास हरकत नाही. दोन दिवसांत फरक दिसला नाही तर मात्र प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा आपले नेहमीचे डॉक्टर गाठावेत.

आता तार फिरवण्याविषयी. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात हे केले जाते, आणि सासूबाईंनी ते मायेपोटीच केले आहे. पण कानाचे नुकसान होते ते येथेच. एकदा उजेडात बसून तारेकडे नीट पाहा. छिद्राच्या तोंडाशी वाळलेल्या चिकाची वाळूच्या कणासारखी खरखरीत कडी दिसेल. तार फिरवली की हीच कडी छिद्राच्या आतून ओढली जाते आणि रात्रभरात धरलेली कोवळी त्वचा पुन्हा खरवडली जाते. रोज खरवडलेली जखम पाच आठवड्यांनीही ओलीच राहणार. छिद्र बुजण्याची भीतीही येथे अनाठायी आहे, कारण आत तार असेपर्यंत छिद्र बुजत नाही. छिद्राच्या आतून त्वचेचे अस्तर धरेपर्यंत, म्हणजे पाळीच्या बाबतीत साधारण 6 ते 8 आठवडे, तार जितकी स्थिर राहील तितके बरे.

हळद आणि तेल यांविषयी थोडे सांभाळून लिहितो, कारण हळदीवर आपल्या सर्वांचाच जीव आहे. हळदीत जंतुरोधक गुण आहेत हे खरे. परंतु स्वयंपाकघरातल्या डब्यातली, आषाढात ओल धरलेली आणि भाजीच्या चमच्याने काढलेली पूड निर्जंतुक नसते. तेलात कालवली की तिचा लगदा छिद्राच्या तोंडाशी बसतो आणि आतला चीक आतच राहतो. एरवी कोरड्या हवेत जखम आपोआप सुकते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर अंगावरचा घामसुद्धा वाळत नाही, तेथे तेलाचा थर म्हणजे ओल धरून ठेवणारे झाकणच. हिराची किंवा कडुनिंबाची काडी घालू नये. तिचे बारीक तंतू आत मोडून राहतात, आणि मग काडी काढल्यावरही कान वाहतच राहतो.

मेडिकलमधून आणलेल्या मलमाच्या वेष्टनावर काय लिहिले आहे ते वाचा. आपल्या घरांत गजकर्णापासून मुरुमांपर्यंत सर्वांवर चालणारी जी नळी असते, तिच्यात बहुधा स्टिरॉइड असते. त्याने लाली दोन दिवसांत उतरते, त्यामुळे गुण आला असे वाटते आणि आतला संसर्ग मात्र वाढत राहतो. प्रतिजैविक मलमाची गरज आहे का आणि कोणते, हे डॉक्टरांना सांगू द्यावे.

मग करायचे काय? एक पेला (सुमारे 240 मिलिलीटर) पाणी खळखळून उकळावे, त्यात पाव चहाचा चमचा साधे मीठ विरघळवावे आणि झाकून गार होऊ द्यावे. हे पाणी रोज ताजे करावे. मीठ जास्त घातल्याने गुण जास्त येतो असे नाही. उलट कातडी कोरडी पडून भेगाळते. करण्याचा कंटाळा असेल तर औषधांच्या दुकानात नॉर्मल सलाइनची बाटली मिळते, तीही चालेल. सकाळी आणि रात्री, साबणाने हात धुऊन, या पाण्यात भिजवलेला स्वच्छ गॉजचा तुकडा पाळीच्या पुढे-मागे दोन-तीन मिनिटे धरावा. खपली मऊ होऊन जेवढी आपोआप सुटेल तेवढीच पुसून घ्यावी, नखाने काढू नये. कापसाचे धागे तारेत अडकतात, म्हणून गॉज बरा. नंतर कोरड्या गॉजने टिपून पाळी पूर्ण कोरडी करावी आणि हात आवरावा. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि डेटॉल यांनी जंतूंबरोबर नवी पेशीही मरते, त्यामुळे ते कपाटातच राहू द्यावेत.

पावसाळ्यात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते, ती म्हणजे अभ्रा. घरात दोरीवर तीन दिवस टांगलेला, कुबट वास येणारा अभ्रा मुलीच्या कानाखाली रात्रभर असतो. तो रोज बदलावा आणि वापरण्यापूर्वी गरम इस्त्री फिरवून पूर्ण कोरडा करावा. टोपडे, कानपट्टी आणि गळ्याशी लेसची झालर असलेली झबली काही दिवस बाजूला ठेवावीत. बाळी अडकून पाळीला हिसका बसतो तो बहुधा लेसमुळेच.

धनुर्वाताची काळजी आपण पत्रात केलेली नाही, तरी सांगून ठेवतो. मुलीला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंट (धनुर्वातासह पाच रोगांवरच्या) लसी मिळाल्या असतील तर तिला संरक्षण आहे. लसीकरणाचे कार्ड एकदा तपासावे, आणि डॉक्टरांकडे जाताना ते सोबत न्यावे.

प्रश्न : नात पाच महिन्यांची आहे. सोळा संस्कारांतील कर्णवेध शास्त्रानुसार सहाव्या-सातव्या महिन्यात व्हावा, असे मी म्हणतो. मुलगा व सून पुण्यात असतात. त्यांना मशीनने टोचायचे आहे, मला सोनाराकडून. कोणाचे बरोबर?
– एक आजोबा, गुहागर

उत्तर : महिन्याबाबत आपले बरोबर आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात सहावा किंवा सातवा महिना सांगितला आहे आणि योगायोगाने तो आजच्या लसीकरणाशीही जुळतो, कारण साडेतीन महिन्यांपर्यंत पेंटाव्हॅलंटचे तीन डोस पूर्ण झालेले असतात. त्याच अध्यायात पाळी सूर्यप्रकाशात धरून, जेथून उजेड आरपार दिसतो तेथेच टोचावे असे म्हटले आहे, आणि चुकीच्या जागी टोचल्यास ताप, दाह, सूज व वेदना होतात हेही नोंदवले आहे. तेथे पाळीतल्या वातीवर तेल घालायलाही सांगितले आहे. परंतु आपल्या नातीच्या कानात वात नव्हे तर धातू असणार, म्हणून तेलाबाबत वर लिहिलेलेच कायम समजावे.

मशीनबाबत मात्र मी आपल्या बाजूचा आहे. स्प्रिंगच्या मशीनमध्ये बोथट टोकाची कुडी जोराने पाळीत घुसवली जाते, त्यामुळे कातडी भोसकली जाते त्याहून अधिक चेंगरली जाते. शिवाय प्लॅस्टिकचे मशीन वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाही. सोनाराच्या पद्धतीत एक गोष्ट नकळत चांगली आहे : ज्या तारेने टोचले तीच तार कानात राहते, त्यामुळे ती दुसऱ्या मुलाला वापरली जात नाही. मागे फिरकी नसल्याने फिरकी पाळीत रुतण्याचा धोकाही नाही. धोका असतो तो सोनाराच्या हातांत, पकडीत आणि ज्या पाटावर दिवसभर डाग देण्याचे (दागिने सांधण्याचे) काम चालते त्या पाटावर. त्यांनी साबणाने हात धुऊन हातमोजे घालावेत, तार व पकड उकळून घ्यावी, पाळी स्पिरिटने पुसून सुकू द्यावी (त्या एका वेळेपुरते स्पिरिट योग्यच), एवढे आपण समोर उभे राहून करून घ्यावे. कानाचे काम करणारे डॉक्टर जवळपास असतील आणि ते निर्जंतुक सुईने टोचून देत असतील, तर तो सर्वांत चांगला पर्याय. मामाची मांडी तेथेही चालते.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची. तिचे कान टोचून चार वर्षे झाली आहेत. सोन्याच्या कुड्यांनी काही होत नाही. पण जत्रेत घेतलेले डूल घातले की दोन दिवसांत दोन्ही पाळ्यांना खाज सुटते आणि पुरळ येते. तिचे सोने ‘हलके’ निघाले, असे तर नसेल?
– एक पालक, वेंगुर्ले

उत्तर : दोन्ही पाळ्या एकाच वेळी खाजतात, दुखत मात्र नाहीत, हे निकेलच्या ॲलर्जीचे लक्षण आहे, संसर्गात बहुधा एकच कान दुखतो. खोट्या दागिन्यांच्या मुलाम्याखाली निकेल सर्रास असते आणि घामात ते विरघळून कातडीत जाते. सोन्याचा येथे दोष नाही. 916 चा हॉलमार्क असलेल्या 22 कॅरेट सोन्यात 91.6 टक्के सोने आणि उरलेले बहुधा तांबे-चांदी असते. पांढऱ्या सोन्यात मात्र निकेल असू शकते, म्हणून ते विचारून घ्यावे. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. मोठेपणी ती घड्याळाच्या पट्ट्याने किंवा जीन्सच्या बटणानेही उठते. जत्रेतले डूल बाहुलीच्या कानात घालायला द्यावेत.

प्रश्न : मुलाचे वय नऊ. त्याला आजोबांसारखी भिकबाळी हवी आहे. तसेच त्याच्या धाकट्या बहिणीचे कान मेच्या अखेरीस टोचले आहेत, तिला गणपतीत झुमके घालता येतील का? सुट्टीच्या दिवशी दोघे समुद्रावर जातात.
– एक वाचक, दापोली

उत्तर : भिकबाळी कानाच्या वरच्या भागात घालतात आणि तेथे कूर्चा, म्हणजे हाडासारखा पण लवचीक भाग, असते. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्याने ती भरून यायला 4 महिने ते वर्षभर लागते, आणि संसर्ग झाल्यास कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. मुलाला आणखी काही वर्षे थांबू द्यावे. घरात कोणाच्या जखमांचे वण जाड, उंचावलेले उठत असतील तर नंतरही विचार करूनच टोचावे.

बहिणीच्या छिद्रांना गणपतीपर्यंत बारा आठवडे होऊन गेलेले असतील. पाळ्या कोरड्या आणि न दुखणाऱ्या असतील तर आरतीपुरते हलके झुमके घालावेत आणि झोपण्यापूर्वी काढून पुन्हा बाळ्या घालाव्यात. निदान सहा महिने कान रिकामे ठेवू नयेत. जेथे फिरकीची कुडी असेल तेथे फिरकी पाळीला चिकटू न देता मध्ये थोडी फट ठेवावी आणि ती मागून दिसते की नाही हे आठवड्यातून एकदा पाहावे. समुद्राचे म्हणाल, तर समुद्राचे पाणी खारट असले तरी ते आपले उकळलेले मिठाचे पाणी नव्हे, आणि पावसाळ्यात खाडीतून येणारे गढूळ पाणी तर नव्हेच. छिद्रे पूर्ण भरेपर्यंत तिने किनाऱ्यावर शंख गोळा करावेत. पाण्यात भावाला जाऊ द्यावे, तोही खवळलेला समुद्र शांत झाल्यावरच.