बोर्ड कपाटात, मुलगा गप्प

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे, जेईईसाठी लातूरला क्लास लावलाय. गावच्या शाळेला रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचे दहा बोर्ड मिळालेत. ‘मेमरी कार्ड घालून चालू केलं की सगळं आपोआप इन्स्टॉल होईल’ असं काहीतरी तो त्यांच्यासाठी रात्री जागून करायचा. फिजिक्सला मार्क कमी पडले म्हणून दिवाळीनंतर मी त्याचा बोर्ड कपाटात बंद केला. मार्क अजून तेवढेच आहेत, जेवतानाही बोलत नाही. नेटवरच्या कमांड चिकटवण्यात कसलं करिअर? हा नाद कसा सोडवू?

उत्तर : जेवताना मुलगा बोलत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी तिथेच थांबलो. बारावीच्या वर्षात पोरगं असं गप्प होणं मी कधीच हलक्यात घेत नाही. बोर्ड काढून घेतला तरी मार्क हलले नाहीत, म्हणजे अडचण बोर्डात नव्हती. फिजिक्समध्ये नेमकं काय अडतंय, हे त्याला कुणी विचारलं का? पत्रात तरी तसं दिसत नाही. शिवाय त्याने शाळेचं काम अंगावर घेतलं होतं. ते अर्धवट सुटलं, आता तिथल्या सरांना काय तोंड दाखवायचं, हे त्याच्या मनात असणारच. तुम्ही शिस्त लावायला गेलात आणि त्याने शाळेला दिलेला शब्द त्याला मोडायला लावलात.

‘कमांड चिकटवणं’ हा मात्र निव्वळ गैरसमज आहे. समोर माणूस बसलेला नसताना इन्स्टॉलेशन पार पडायचं, तर मशीन वाटेत काय काय विचारेल ते आधीच ओळखून उत्तरं लिहून ठेवावी लागतात. कीबोर्ड कुठला, एवढा एक प्रश्न राहिला तरी स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने लिहून ठेवलेल्या कमांडची फाइल, उत्तराची वाट पाहत रात्रभर तिथेच बसते. नेटवरची जुनी उत्तरंही तशीच्या तशी चालत नाहीत : ‘पाय’ हे आधीपासून ठरलेलं युजरनेम 2022 मध्ये काढून टाकलं, त्यामुळे युजर आणि पासवर्डची सोय आता कार्डातच आधी करावी लागते. बहुतेक मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. चालू होताना बोर्ड जुनीच तारीख धरून बसतो. नेटवरून खरी वेळ यायच्या आत सॉफ्टवेअरची पॅकेजं मागवली, तर ती आणून बसवणारा ‘ॲप्ट’ हा प्रोग्राम ‘ही यादी अजून वैधच झालेली नाही’ म्हणून नकार देतं. स्क्रिप्टला आधी वेळेसाठी थांबायला शिकवावं लागतं. मधेच लाइट गेली तर? पुन्हा चालवल्यावर तीच ओळ फाइलमध्ये दोनदा लिहिली जाता कामा नये. तुमचा मुलगा रात्री जागून हा विचार करत होता. कंपन्यांमध्ये शेकडो सर्व्हर याच पद्धतीने उभे करतात, त्याचे पगार मिळतात. रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीई ही प्रमाणपत्र परीक्षा तर अन्सिबल या ऑटोमेशनच्या टूलने हीच कामं करून घेण्यावर बेतलेली आहे, आणि तिथे पर्याय निवडायचे नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवायचं असतं.

जेईई, एमएचटी-सीईटी, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स हे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. यातल्या कुठल्याही रस्त्याने तो या कामापर्यंत पोचेल.

बोर्ड आजच परत द्या. अट घालायचीच तर झोपेची घाला, रात्री अकराला बंद. एखाद्या रविवारी त्याच्याबरोबर शाळेत जा, काम पुरं होऊ द्या, एक कार्ड स्वतःच्या हाताने घालून बघा. फिजिक्सचे मागचे पेपर घेऊन क्लासच्या सरांना दोघं मिळून भेटा. आणि गप्पपणा वाढला, झोप किंवा जेवण तुटलं, तर वाट पाहू नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 वर मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

त्याला स्वतःला जेईई द्यायची आहे का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते त्याला विचारा आणि पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या.