रिपोर्टमध्ये दोष निघाला, मग पिशवी काढूनच टाकू का?

सांगलीत विश्रामबागेत मी समुपदेशन करते. गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीत काही निघालं की हा प्रश्न येतोच. कधी बाई स्वतः विचारते, कधी सासू, कधी नवरा. सुनंदाताईंच्या घरात तर निर्णय होऊनही गेला होता. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.)

त्या तासगाव तालुक्यातल्या, वय ३८, दोन मुलं, घरची द्राक्षबाग. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेल्या, तिथे पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या मुखाच्या पेशी घेऊन करतात ती तपासणी) आणि एचपीव्ही या विषाणूची तपासणी झाली; हा विषाणू टिकून राहिला तर पुढे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ शकतो. चार-सहा दिवसांनी मोबाइलवर रिपोर्ट आला: ‘एलएसआयएल’, एचपीव्ही पॉझिटिव्ह. त्याचा अर्थ सांगणारी एक ओळही सोबत नव्हती. असा रिपोर्ट नुसता पाठवून देण्याचा मला मनापासून राग येतो. घरात तो वाचायला पुतण्या बसतो, तो फोनवर शोधतो आणि ‘कॅन्सर’ हा एकच शब्द उचलून सगळ्यांना सांगतो. इथेही तेच झालं. जाऊ म्हणाली, “पोरं झाली, आता पिशवीचं काय काम? काढून टाक, कटकट मिटंल.” मालकांनी पैशांची जुळवाजुळव सुरू केली.

मी आधी माहिती सांगत बसले नाही. नक्की कशाची भीती वाटते, एवढंच विचारलं. “माझ्यामागं पोरांचं कोण करणार?” हे लगेच आलं. दुसरी गोष्ट यायला बराच वेळ लागला. मालक रात्री म्हणाले होते, “हे कुठनं आणलंस?” त्या दिवसापासून त्यांना घास गिळत नव्हता.

मृत्यूच्या भीतीबद्दल बाया बोलतात, या प्रश्नाबद्दल बोलत नाहीत. मग त्या पुढच्या तपासणीलाच जात नाहीत, कारण गेलं की घरात पुन्हा तोच विषय निघणार. म्हणून मी पुढच्या वेळी दोघांनाही बोलावलं.

एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून, त्वचेच्या स्पर्शातून येतो, हे मी लपवलं नाही. पण तो इतका सर्रास आढळतो की संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतोच. कुठलंही लक्षण न दाखवता तो वर्षानुवर्षं शरीरात राहू शकतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे सांगणारी तपासणीच नाही. मालक खाली बघत होते. म्हणाले, “म्हंजे माझ्याकडनं बी आला असंल.” मी म्हटलं, “असेल. कळायला मार्ग नाही, आणि कळलं तरी पुढच्या उपचारात काही फरक पडत नाही.” सुनंदाताई तिथेच रडल्या. मी त्यांना रडू दिलं.

मग रिपोर्टकडे वळलो. एलएसआयएल म्हणजे पेशींमध्ये सौम्य बदल. हा कॅन्सर नव्हे. बहुतेकींच्या शरीरातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींमध्ये तो टिकून राहतो आणि त्यांतल्या काहींना पुढे कॅन्सर होतो, पण प्रतिकारशक्ती चांगली असेल तर त्याला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढा अवधी मिळतो म्हणूनच या तपासणीला अर्थ आहे.

“तपासलंच नसतं तर बरं झालं असतं,” असं त्या एकदा म्हणाल्या. तेव्हा मी त्यांना उस्मानाबादचं, आताच्या धाराशिवचं, सांगितलं. तिथल्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटाची एचपीव्ही तपासणी एकदाच करून गरजेप्रमाणे उपचार केले, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. त्याही शेतात राबणाऱ्या बायकाच होत्या. हे ऐकून त्या ताठ बसल्या.

पुढची पायरी होती कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाचं मुख मोठं करून बघायची तपासणी. तिची धास्ती मोठी होती. ‘दुर्बीण घालतात’ असं कुणीतरी सांगितलं होतं. खरं तर ती दुर्बीण शरीराबाहेरच असते. आत जातो तो योनीमार्ग उघडून धरणारा, पॅप स्मिअरच्या वेळचाच चिमटा. गर्भाशयाच्या मुखाला पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड लावतात, थोडं चुरचुरतं. बदललेला भाग पांढरा दिसतो. गरज वाटली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला घेतात, तेव्हा पाळीसारखी कळ येते आणि दोन-चार दिवस थोडा रक्ताचा डाग लागू शकतो. पाळीचे दिवस टाळून वेळ घ्यायची. सोबत कुणाला न्यायचं असेल तर आधी विचारून ठेवायचं आणि दुखलं तर “थांबा” म्हणायचा हक्क आहे, हे मी दोनदा सांगितलं.

त्या तुकड्याच्या तपासणीत, म्हणजे बायोप्सीत, सीआयएन १ निघालं, म्हणजे पेशींतल्या बदलांची सगळ्यात सौम्य पायरी. डॉक्टर म्हणाले, आता काही करायचं नाही, वर्षानं पुन्हा तपासू. मला वाटलं होतं घर सुटकेचा श्वास सोडेल. उलट जाऊ चिडली: “दोष हाय म्हणत्यात आणि औषध बी देत न्हाईत?”

सगळ्यात अवघड काम इथेच असतं. सीआयएन १ बहुतेक वेळा आपोआप बरं होतं, म्हणून लक्ष ठेवून थांबणं हाच त्यावरचा उपाय. सीआयएन २ किंवा ३, म्हणजे जास्त बदल, निघाले असते तरी सहसा ‘लीप’सारख्या (विजेच्या बारीक तारेनं करायच्या) उपचारानं मुखाचा तेवढाच बिघडलेला भाग काढतात, पिशवी जागेवर राहते. सीआयएन १ साठी पिशवी काढणं म्हणजे बाईच्या पोटावर विनाकारण घाव आहे. सोबत अंडाशयंही काढली तर रजोनिवृत्ती एका झटक्यात येते, अंगाची लाही होते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. शिवाय विषाणू योनीमार्गात राहू शकतो, म्हणजे तपासण्याही टळत नाहीत. आपल्याकडे ‘पोरं झाली, पिशवी काढा’ इतक्या सहज म्हटलं जातं, ते थांबायला हवं.

थांबायचं म्हणजे रात्री जागत राहायचं असं नाही. आम्ही एक वही केली. मनात येईल ती भीती लिहायची आणि संध्याकाळी ठरल्या वेळी वाचायची. डॉक्टरांना विचारायच्या गोष्टींवर खूण, बाकीच्यांवर ‘आज याचं काही करता येत नाही’ असा शेरा. पुतण्याला फोनवर शोधायला मनाई. मधल्या काळात संबंधानंतर रक्त गेलं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त गेलं किंवा घाण वासाचा स्राव झाला तर वर्षाची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. (पाळी बंद झालेल्या बाईला रक्त दिसलं तर तिनंही तसंच जायचं.) वहीतल्या एका प्रश्नातून तेरा वर्षांच्या मुलीला द्यायच्या एचपीव्हीच्या लशीचा विषय निघाला. ९ ते १४ वयात दोन डोस. पुण्यात तयार होणाऱ्या लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे. आईला झालेला संसर्ग या लशीनं बरा होत नाही, पण मुलीचं पुढचं रक्षण होतं.

वर्षानं एचपीव्ही पुन्हा पॉझिटिव्ह आला. त्यांनीच फोन करून सांगितलं. पेशींतले बदल वाढलेले नव्हते, पण डॉक्टरांनी पुन्हा कॉल्पोस्कोपी सांगितली होती. “या बारीला मालक संगट येणार हायत,” त्या म्हणाल्या. “द्राक्षं उतरायच्या आधीची तारीख घेतलीया, नंतर सवड न्हाई मिळायची.”