माझ्या सेकंडहँड बीएमडब्ल्यू झी फोरच्या मागच्या टायरची नक्षी 3.5 मिमी उरलीय, टायरवर 3117 असा बॅच नंबर आहे, दुकानदार म्हणतो अजून दहा हजार किमी जातील. बदलू का थांबू?

बदला. आणि पावसाळ्याच्या आधी बदला. दुकानदार खोटं बोलतोय असं नाही म्हणत मी, त्याने गेज, म्हणजे नक्षीची खोली मोजायची पट्टी, मधल्या खाचेत घातला असणार आणि तिथे खरंच 3.5 असणार, पण आपल्या गाडीचा टायर मधून मरत नाही, आतून मरतो.

आतून म्हणजे गाडीच्या पोटाकडची कड. माझी पण झी फोरच आहे, ई89 म्हणजे दुसऱ्या पिढीची, मी पण सेकंडहँडच घेतली, आणि तुम्ही जे लिहिलंय ना, मागे 255/35 आर18, बाहेरून नक्षी मस्त, वर्षाला जेमतेम तीन हजार किमी, बाकी गाडी कव्हरखाली, हीच माझी कथा होती. जून संपत आलेला, ताम्हिणीत पाऊस, पुढे एसटी. रस्ता मोकळा दिसला म्हणून दुसरा गिअर टाकून जरा दाबली, जरा म्हणजे खरंच जराच, तर मागची बाजू अर्धा फूट सरकली आणि परत जागेवर आली. मीटरमध्ये डीएससीची, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून सांभाळणाऱ्या सिस्टिमची, पिवळी लाइट फडफडून गेली. बायकोने हातातलं अर्धं खाल्लेलं कणीस तसंच धरून ठेवलं ते थेट मुळशीपर्यंत.

मला तेव्हा वाटलं रस्त्यावर ऑइल असेल. घरी येऊन खाली वाकून बघितलं, मागून टायर चांगले, गेज लावला तर 4 मिमी. म्हटलं झालं, टायरचा काही प्रॉब्लेम नाही. मग आठवड्याने अलाइनमेंटला गेलो, गाडी लिफ्टवर चढवली आणि तिथला पोरगा खालून ओरडला, साहेब इकडं हात लावा, पण हळू. आतल्या कडेला बोट फिरवलं तर बारीक तारा टोचल्या. रबर संपून आतलं स्टील बाहेर आलेलं! त्याच टायरवर बाहेरच्या बाजूला 4.5, मधे 4 आणि आत शून्य. गाडी घेऊन सहा महिने झालेले, त्याआधी दोन ठिकाणी सर्व्हिसिंगला दिलेली, एकानेही सांगितलं नव्हतं.

असं का होतं तर मागच्या चाकांना निगेटिव्ह कॅम्बर असतो, म्हणजे चाकं वरून थोडी आत झुकलेली, वळणावर ग्रिप मिळावी म्हणून मुद्दाम. नुसत्या कॅम्बरने टायर एवढा खात नाही पण त्यात टो, म्हणजे चाकं सरळ पुढे न बघता किती आत-बाहेर वळलीत तो कोन, बिघडला की रोज थोडं थोडं घासत बसतं. टो बिघडलाय का ते हाताने कळतं. टायरवरून तळवा आडवा फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीसारखं लागलं तर टो गेलाय. गाडी गार असताना करा हे, सायलेन्सरजवळ हात भाजतो, मला विचारा.

आणि साध्या गाडीसारखं पुढचे मागे, मागचे पुढे करून पण भागत नाही, कारण पुढे 225 मिमी रुंद आणि मागे 255, बसणारच नाहीत. डावा उजवीकडे टाकता येईल पण आतली कड आतच राहते, कारण साइडवॉलवर आउटसाइड लिहिलेलं असतं आणि ती बाजू बाहेरच लागते.

आता 3.5 चं. कायद्याने आपल्याकडे चारचाकीला 1.6 मिमी चालतं, खाचेच्या तळाशी ते छोटे उंचवटे असतात ना, नक्षी त्यांच्या लेव्हलला आली की संपलं, टायर गोटा. पण बीएमडब्ल्यूचं स्वतःचं मॅन्युअल काढून बघा, त्यात 3 मिमीच्या खाली जाऊ नका असं लिहिलंय, जर्मनीतला एडीएसी हा मोटार क्लब पण उन्हाळी टायरला 3 च सांगतो. मिशेलिन या टायर कंपनीचं म्हणणं उलटं आहे, ते म्हणतात चांगला टायर 1.6 पर्यंत वापरा, उगाच लवकर फेकू नका, आणि कोरड्या रस्त्यावर मला ते पटतं सुद्धा, नक्षी कमी झालेला टायर कोरड्यात वाईट नसतो. प्रश्न पाण्याचा आहे. शंभरच्या स्पीडला टायरचा तो तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकून सुटायला चार-पाच मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात खालचं सगळं पाणी खाचांतून बाहेर गेलं पाहिजे, नाही गेलं तर गाडी पाण्यावर तरंगते. आणि आपला टायर रुंद, म्हणजे मधल्या पाण्याला बाजूला जायला अंतर जास्त. त्यामुळे एक्सप्रेसवेवर तळं साचलेलं असेल तिथे शेजारची अल्टो निवांत जाईल आणि आपली झी फोर होडी होईल, हे ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे.

बरं आता तुमच्या प्रश्नातली जी गोष्ट मला 3.5 पेक्षा जास्त खटकली ती. तुम्ही कोड लिहिलाय 3117. तो बॅच नंबर नाहीये, ती तारीख आहे, 2017 चा 31 वा आठवडा, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीचा टायर. (हे चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, बाहेर दिसले नाहीत तर आत बघावे लागतात, तुम्हाला दिसले हे नशीब.) आठ वर्षं होऊन गेली की हो त्याला. रबर नुसतं उभं राहून पण कडक होतं, उन्हात तर लवकरच, आणि स्पोर्ट्स टायरची सगळी मजा त्या मऊ रबरात असते. बीएमडब्ल्यू सहा वर्षांनी बदला म्हणते, मिशेलिन पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहाच्या पुढे काही झालं तरी वापरू नका म्हणते. दुकानदाराने वय धरलंच नाही हिशोबात. नख रुतवून बघा, नव्या टायरशेजारी तुमचा म्हणजे प्लास्टिकची बादली वाटेल. खाचांच्या तळाशी किंवा साइडवॉलवर बारीक भेगा दिसल्या तर मग मिमी वगैरे मोजतच बसू नका.

आणखी एक खूण, ही फुकटातली आहे. जिथे आधी कधी डीएससीची लाइट लागायची नाही, तोच चौक, तोच सिग्नल, तेवढाच ॲक्सिलरेटर, आणि आता ओल्यात ती चमकायला लागली, तर गाडी तुम्हाला सांगतेय. माझी ताम्हिणीच्या आधी महिनाभर सांगत होती, मला वाटलं सेन्सर गेला असेल.

खर्चाचं म्हणाल तर मला मागचे दोन रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे टायर, पन्नास हजाराच्या जवळ पडले, दुखतं. एकच बदलून भागवू नका, एका ॲक्सलवर जोडी एकसारखीच पाहिजे. साधे टायर घालून पैसे वाचवायचे का असं पुढे कुणीतरी सुचवेलच, राइड खूप मऊ होते हे खरं आहे पण आपल्या गाडीत स्टेपनी नाही, रात्री घाटात पंक्चर झालं तर रनफ्लॅटवर हळूहळू गावापर्यंत तरी येता, त्यामुळे मी नाही घातले. ज्याची गाडी फक्त शहरात फिरते त्याने पंप आणि पंक्चर किट ठेवून खुशाल घालावे.

बसवायच्या आधी नव्या टायरचे चार आकडे पण वाचा. या साइजला गिऱ्हाईक कमी, माल पडून असतो, मला पहिल्या दुकानात तीन वर्षं जुना टायर नवा म्हणून दाखवलेला. आणि त्याच दिवशी चारही चाकांची अलाइनमेंट करा, नुसत्या पुढच्या नाही, प्रिंट मागून घ्या, नाहीतर नवे पण वर्षात आतून खाल्ले जातील. पहिले तीनशे किमी निवांत चालवा, नव्या रबरावरचा गुळगुळीतपणा जायला तेवढं लागतं.

पुढच्या टायरचा कोड लिहिला नाहीत तुम्ही. तो आणि मागच्या आतल्या कडेचा एक फोटो कॉमेंटमध्ये टाका, बघून सांगतो पुढचे आत्ता बदलायचे का दिवाळीनंतर.