दवाखान्याची खोली की दोन मुलींची फी?

प्रश्न: वय ६१, साखर कारखान्यातून निवृत्त. नोकरीची शेवटची सहा वर्षं पश्चिम केनियात, काकामेगाजवळच्या कारखान्यात काढली. तिथल्या एका गावातली छोटी संस्था मुलांची फी भरते, आजाऱ्यांना मदत करते. त्यांना दवाखान्याची खोली बांधायला ८ लाख द्यावेत असं मनात आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख, बँकेत १५ लाख, म्युच्युअल फंडात १२ लाख आहेत. पेन्शन महिना ३,०००, घरखर्च ३०,०००. सौ. म्हणते, आधी माझ्या गुडघ्यांचं बघा. आयकरात ८०जीची (देणगीवरची) सवलत मिळेल का?

उत्तर: सवलत मिळणार नाही. ८०जी फक्त भारतातल्या मान्यताप्राप्त संस्थांच्या देणगीला लागू आहे. इथल्या एखाद्या ट्रस्टमार्फत पाठवू म्हणाल, तर परदेशात खर्च केलेल्या रकमेवर त्या ट्रस्टचीच करमाफी अडचणीत येते. त्या वाटेला जाऊ नका.

आता घरचा हिशेब. ८.२ टक्क्यांनी बचत योजनेतून वर्षाला २.४६ लाख, ठेवींचं लाखभर व्याज आणि पेन्शन, असे सगळे मिळून ३.८ लाख होतात. खर्च ३.६ लाख. म्हणजे आज जेमतेम भागतंय. महागाईला आणि दुखण्याखुपण्याला तोंड द्यायला आहेत ते फंडातले १२ लाखच. त्यातले ८ काढले की वहिनींच्या गुडघ्यांसकट पुढची पंचवीस वर्षं उरलेल्या ४ लाखांवर. हे मला पटत नाही.

खोलीबद्दलही माझं मत वेगळं आहे. केनियात २०१३ पासून आरोग्यसेवा काउंटी सरकारांकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागांच्या सरकारांकडे आहे. नर्स आणि औषधं द्यायची काउंटीने. तसं लेखी हातात नसेल, तर चार भिंती उभ्या राहतील आणि कुलूप लागेल. असे दवाखाने आपल्याकडेही कमी पाहिलेले नाहीत तुम्ही!

खरी अडचण दरवर्षीच्या पैशांची असते. तिथे प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत आहे, पण वरच्या वर्गांत पालकांचा घाम निघतो. मोठ्या सरकारी निवासी शाळेची ठरवून दिलेली फी वर्षाला ५३,५५४ शिलिंग, म्हणजे साधारण ३७ हजार रुपये. दहावी ते बारावी ही तीन वर्षं ती कुणाला तरी सलग भरावी लागते. मधेच थांबली की मुलगी घरी बसते. आजारपणाचं म्हणाल, तर ऑक्टोबर २०२४ पासून तिथे नवी सरकारी आरोग्य विमा योजना आहे. किमान हप्ता कुटुंबामागे महिना ३०० शिलिंग, पण ज्यांना पगार नाही त्यांनी वर्षाचा एकदम भरायचा. उसाच्या तोडणीवर जगणाऱ्या घरात ३,६०० शिलिंग एकरकमी कुठून येणार? आपले हे अडीच हजार रुपये.

म्हणून माझा सल्ला: तीन वर्षं, दरवर्षी १ लाख. दोन मुलींची फी ७५ हजार आणि दहा कुटुंबांचा विमा २५ हजार. तेही फंडातूनच जाईल, पण ९ लाख हाताशी राहतील आणि एक वर्ष गेल्यावर संस्थेचा कारभार कळेल. फी थेट शाळेच्या खात्यात जाऊ द्या. विम्याचे पैसे संस्थेच्या बँक खात्यात. कुणाच्या वैयक्तिक एम-पेसावर (तिथलं मोबाईलवरचं पैशांचं खातं) अजिबात नको, माणूस कितीही ओळखीचा असला तरी. नोंदणीचा दाखला आणि मागच्या वर्षाचा जमाखर्च आधी मागवा. मागितल्याचा राग आला, तर तेही उत्तरच.

पैसे पाठवणं सोपं आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, त्यात देणगीही बसते. बँकेत पॅन आणि ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) द्यायचा. वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक घेते तो कर, नाही. एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची धास्ती नको, तो कायदा बाहेरून आत येणाऱ्या पैशांसाठी आहे. मात्र दर खेपेला बँकेचं कमिशन आणि मधल्या बँकेची कात्री लागते, म्हणून एका वर्षाची रक्कम हप्त्याहप्त्याने पाठवू नका.

तिथली शाळा जानेवारीत सुरू होते. पैसे डिसेंबरच्या सुरुवातीला निघाले पाहिजेत. गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ मात्र त्याआधीची घ्या.