आधी पोथीचं वय ठरव

प्रिय विद्यार्थ्यास,

सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) वाचला. ‘ज्ञानेश्वरीचा भाषावैज्ञानिक अभ्यास’ हा पीएच.डी.चा विषय नव्हे, तीन जन्मांचा आहे. एखादाच प्रत्यय धर. तृतीयेचा ‘-एं’ घेतलास तरी चार वर्षं पुरेल.

त्याआधी कोणत्या शतकाची मराठी तपासतोयस ते ठरव. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, पण एकनाथांनी ती शके 1506 मध्ये शुद्ध केली. त्यानंतरच्या नकलेतलं रूप तेराव्या शतकाच्या नावावर टाकलंस तर व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) पहिल्याच प्रश्नाला अडकशील. लेखनिक नकळत आपल्या काळची रूपं घुसडतो. म्हणून प्रत्येक उदाहरणापुढे पोथी, पत्र (पोथीचं पान), ओळ आणि नकलेचा शक लिही. ताळा घ्यायला तारखेचे शिलालेख वापर. (ताम्रपट बनावटही निघतात, जपून.)

शक तपासायची रीत सोपी आहे. शकात 12 मिळव, 60 ने भाग. बाकी उरेल तितकावा संवत्सर (साठ नावांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव), प्रभव पहिला. 1506 अधिक 12 म्हणजे 1518, बाकी 18, म्हणून तारण. पुष्पिकेतला (पोथीच्या शेवटच्या नोंदीतला) संवत्सर एकानेच चुकत असेल तर बहुधा गत-वर्तमान शकाचा (संपलेली वर्षं मोजली की चालू वर्ष धरलं याचा) घोळ असतो. इसवी सनासाठी 78 मिळवतात, पण तिथी 1 जानेवारीनंतर पडत असेल तर 79. माघ-फाल्गुनात हमखास इथेच चुकतात.

वाचनात सगळ्यात जास्त फसवते ती पडिमात्रा. जुन्या लेखांत एकाराची मात्रा अक्षरावर नसून अक्षराच्या आधी उभ्या रेघेसारखी येते. ‘न देखे’ मग ‘नादाख’ दिसतं आणि नवखा ‘ना दाख’ वाचून त्यावर व्युत्पत्तीही रचतो! अडखळलास की ती रेघ पुढच्या अक्षराला जोडून बघ. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत, तेव्हा स्वरांच्या लांबीवरचा युक्तिवाद मोडी कागदांवर उभा करू नकोस.

कोल्हापुरात राहून हळेकन्नड (जुनी कानडी) टाळणं मला पटत नाही. शिलाहार राजांचे इकडचे बरेच लेख संस्कृत नाहीतर कानडीत आहेत, आणि शेजारच्या भाषेतून आलेला शब्द ओळखता आला नाही तर तू त्याला संस्कृतातून ओढून काढशील.

नेट परीक्षेची तयारी चालू ठेव, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. पुढच्या वेळी सुधारित सिनॉप्सिस नको. ‘-एं’ची शंभर उदाहरणं पत्रांकासह वहीत उतरवून आण.

तुझा,
मार्गदर्शक