रात्री खिडकीतून येणारा हीरो आणि गल्लीच्या तोंडाला थांबणारा मुलगा

मनमोकळं : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, मुलगी 16 वर्षांची आहे, अकरावीला. वाचनाचा नाद तिला मीच लावला, लहानपणी करवीर नगर वाचन मंदिरची मेंबर केली, शनिवारी आम्ही दोघी जायचो. आता ती इंग्रजीच वाचते आणि ते पण सगळं व्हॅम्पायर, लांडगा होणारी पोरं, स्वर्गातनं हाकललेले देवदूत असलं. मी काही बोलत नव्हते. पण गेल्या महिन्यात तिची मैत्रीण बोलता बोलता बोलून गेली की एक मुलगा रोज कॉलेज सुटल्यावर हिच्या केएमटी बसच्या मागनं बाईकवर येतो आणि आमच्या गल्लीच्या तोंडाला थांबतो. मुलीला विचारलं तर म्हणाली, आई तो काही करत नाही गं, नुसता बघतो, आणि मग हळूच म्हणाली, एडवर्डसारखा आहे. मला एडवर्ड कोण ते पण माहिती नव्हतं. तिच्या बाबांना अजून सांगितलं नाही, ते लई तापट आहेत, कॉलेजच बंद करतील. पुस्तकं काढून घेऊ का?
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, पुस्तकं काढून घेऊ नका. पुस्तकं गेली की मुलगी तुम्हाला काही सांगायचीच बंद होईल, आणि ‘एडवर्डसारखा आहे’ हे तिनं जे तुमच्यापाशी बोलून टाकलं ना, ते आत्ता लाखमोलाचं आहे.

एडवर्ड कोण ते सांगते. स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेची ट्वायलाइट ही कादंबरी 2005 मध्ये आली, त्यातला हा व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिऊन जगणारा, वय न वाढणारा. दिसतो 17 वर्षांचा, जन्म 1901 चा. बेला नावाची 17 वर्षांची मुलगी त्याला आवडते आणि तो रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना तिला बघत बसतो, तिला पत्ताच नाही, आणि हे एकदा नाही, कितीतरी रात्री. तिला कळतं तेव्हा ती चिडायला जाते पण चिडता येत नाही, उलट भारीच वाटतं. खरी मेख इथं आहे. गोष्ट बेलाच्या तोंडून सांगितलीय, म्हणजे तिच्या मनातलं ‘हो’ आपल्याला आधीपासून ऐकू येत असतं, म्हणून त्याचं चोरून बघणं पण आपल्याला गोड लागतं. तुमच्या मुलीच्या मनातलं त्या बाईकवाल्याला ऐकू येत नाही आणि त्यानं कधी विचारलेलं पण दिसत नाही.

याच मालिकेतला तिसरा भाग एक्लिप्स, 2007 चा. त्यात एक प्रसंग आहे तो मुलीला काढून दाखवायला सांगा. बेलाला मित्राला भेटायला जायचंय, एडवर्डला ते नकोय कारण तो मित्र लांडगा होणाऱ्यांतला, धोक्याचा. ती ट्रकमध्ये बसते, चावी फिरवते, गाडी सुरूच होत नाही, आणि शेजारच्या सीटवर बघते तर हा बसलेला, हातात इंजिनातनं काढलेला एक बारका पार्ट. ती तणतणत घरात जाते, खोलीची खिडकी धाडकन लावून घेते, आज येऊच नकोस म्हणून. आणि थोड्या वेळानं स्वतःच ती खिडकी सताड उघडते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या खिडकीपाशी अडकून बसले, कारण मुलीला राग आला होता, अगदी योग्य जागी आला होता, आणि लेखिकेनं तो दोन ओळीत विझवून टाकला. पुढं एडवर्ड सुधारतो, माफी मागतो, तिला जाऊ देतो, हे मान्य. पण रात्री चोरून खोलीत यायचा हिशोब कोणी मागत नाही. आता व्हॅम्पायरपण बाजूला ठेवा, एखाद्या पोरानं तुमच्या मुलीच्या स्कूटीच्या प्लगची वायर काढून खिशात घातली आणि म्हणाला तू मैत्रिणीकडं जाऊ नकोस, तुझ्या काळजीपोटी करतोय. मुलीला विचारा, काय वाटेल तुला? तिच्या उत्तराची वाट बघा, आपलं उत्तर मध्ये घालू नका.

त्याच पुस्तकात तो लांडगा होणारा मित्र, जेकब, बेलाला नको असताना जबरदस्तीनं किस करतो, ती त्याला बुक्की मारते तर तिचाच हात मोडतो, आणि तिचे वडील त्या पोरालाच शाबासकी देतात! बेका फिट्झपॅट्रिकचं हश, हश म्हणून 2009 चं पुस्तक आहे, त्यात बायोलॉजीच्या वर्गात ज्या मुलाशेजारी बसवलंय त्याची मुलीला भीती वाटते, ती सरांकडं जाते, माझी जागा बदला म्हणते, सर बदलत नाहीत. आणि तो मुलगा म्हणजे स्वर्गातनं हाकललेला देवदूत, त्याच्या मनात सुरुवातीला तिला मारायचंच असतं, तिची भीती शंभर टक्के खरी असते, तरी तोच हीरो. मला या पुस्तकांतली ही मोठी माणसंच जास्त खुपतात, मुलगी सांगतेय आणि ते ऐकत नाहीत.

मी पण कोल्हापुरातच शिकले. एक मुलगा बिंदू चौकातनं घरापर्यंत सायकलनं मागं यायचा, वर्षभर. मैत्रिणी म्हणायच्या, नशीबवान आहेस, किती वेडा आहे तुझ्यासाठी. छातीत धडधडायचं, आणि मला बरीच वर्षं कळलं नाही की ती धडधड भीतीची होती, कारण प्रेमात पण तशीच होते असं सगळीकडं वाचलेलं. शेवटी मी लांबचा रस्ता धरला, 20 मिनिटं जास्त चालायची. घरी कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. म्हणून ताई, मुलीला ‘तो तुला आवडतो का’ हे विचारूच नका. बस स्टॉपला लागते आणि बाईक मागं दिसते तेव्हा पोटात काय होतं ते विचारा. तो नसेल त्या दिवशी हायसं वाटतं का, कधी एक स्टॉप आधी उतरावंसं वाटलं का. उत्तर तिथं मिळेल.

कायद्याचं थोडक्यात. मुलगी 18 च्या आतली आहे, त्यामुळे वाईट हेतूनं सारखा पाठलाग करणं, सारखं बघत राहणं हे 2012 च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवायच्या कायद्यात लैंगिक छळात धरलंय, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, 112 वर पोलीस येतात, आणि पोलिसांच्या निर्भया पथकाला सांगितलं तर ते त्या मुलाला गाठून समज देतात. हे सगळं मुलीला विश्वासात घेऊन करा, तिच्या पाठीमागं करू नका. तिच्या बाबांना सांगावं लागेलच, पण सांगताना पहिलं वाक्य हे असू दे की कॉलेज बंद होणार नाही. तिचं कॉलेज बंद केलं तर शिक्षा तिला झाली, त्या पोराला काय?

आणि शनिवारचं परत सुरू करा. तिचं पुस्तक तुम्ही पण वाचायला घ्या, इंग्रजी जड गेलं तर तिला वाचून दाखवायला सांगा.

प्रश्न : ताई मी 19 वर्षांचा आहे, शाहूपुरीत राहतो, डिप्लोमाला आहे. वर्गातल्या एका मुलीला मी विचारलं, ती नाही म्हणाली. मित्र म्हणतात नाद सोडू नको, पोरी आधी नाहीच म्हणतात. मी पण या टाइपची पुस्तकं वाचतो, सिरीज बघतो, त्यात हीरो मागं हटत नाही म्हणूनच ती शेवटी त्याची होते. मी तिच्या क्लासबाहेर संध्याकाळी थांबतो, त्रास देत नाही, बोलत पण नाही. चुकतंय का माझं?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : हो, चुकतंय. तू विचारलंस हे मात्र चांगलं केलंस, मनात शंका आली म्हणूनच लिहिलंस ना.

पुस्तकातल्या हीरोला शेवटी ‘हो’ मिळतं कारण लेखिकेनं ते पहिल्या पानाच्या आधीच ठरवलेलं असतं. तुझ्या वर्गातल्या मुलीनं तिचं उत्तर तुला दिलंय, स्पष्ट दिलंय, ते देताना तिला किती धीर गोळा करावा लागला असेल याचा विचार कर. आणि ‘नुसता थांबतो’ म्हणतोस, पण ती क्लासमधनं बाहेर पडायच्या आधी खिडकीतनं खाली बघत असेल, आज आहे का म्हणून, मैत्रिणीला म्हणत असेल माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चल. वरची चिठ्ठी परत वाच, ती अशाच एका मुलीच्या आईची आहे.

कायदा पण सांगते. मुलीनं नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही तिच्या सारखं मागं मागं जाणं, संपर्क करत राहणं हा 2013 पासून गुन्हा आहे, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 78, पहिल्यांदा 3 वर्षांपर्यंत शिक्षा. पण तू फक्त भीतीनं थांबावंस असं मला वाटत नाही, तिला संध्याकाळी मोकळेपणानं घरी जाता यावं म्हणून थांब.

वाईट वाटणार, वाटू दे, नकार लागतोच रे. उद्या त्या क्लाससमोर जाऊ नकोस. सॉरी म्हणायला म्हणून पण नको, मेसेज नको, मित्राकरवी निरोप नको. वर्गात दिसली तर जसं बाकीच्यांशी वागतोस तसं वाग, तिनं बोललं तर बोल. आणि क्लास सुटायच्या त्या वेळेला पाय तिकडं वळायला लागले तर रंकाळा तलावावर जा, चालून ये, सोबत असा मित्र घे जो ‘नाद सोडू नको’ म्हणत नाही.