दादर-माटुंगा पूर्वेचे रस्ते इतके सरळ आणि बागा इतक्या प्रशस्त कशा?

कारण हा भाग आपोआप वाढलेला नाही, तो मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या ब्रिटिशकालीन शहर-सुधारणा संस्थेने आधी नकाशावर आखला आणि मग वसवला. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीच्या वस्त्यांत हवा-उजेड नाही, सांडपाण्याला वाट नाही, हे तेव्हा ठळक दिसलं आणि 1898 मध्ये ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने उत्तरेकडची शेतं, खोलगट जमीन ताब्यात घेतली, भराव घातला, रस्ते आणि गटारं केली आणि मग प्लॉट भाडेपट्ट्याने दिले. क्रम महत्त्वाचा आहे: आधी रस्ता, मग इमारत. जुन्या गिरगावात नेमकं उलट झालं होतं. इथल्या पारसी कॉलनीचं श्रेय ट्रस्टमधलेच अभियंता मंचेरजी जोशी यांना जातं. मध्यमवर्गीय पारशांसाठी प्लॉट राखून ठेवावेत म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. तिथल्या पाच उद्यानांना, म्हणजे ‘फाइव्ह गार्डन्स’ना, त्यांचंच नाव आहे. शेजारच्या हिंदू कॉलनीत गल्ल्यांना चक्क क्रमांक आहेत, तीही याच आखणीची खूण. आजही इथे फिरताना दोन इमारतींमधली मोकळी जागा मुद्दाम पाहा, वारा खेळता राहावा म्हणूनच ती सोडलेली आहे.

एक मात्र लक्षात घ्या, शिवाजी पार्कचा इतिहास वेगळा आहे. ते मैदान 1925 मध्ये महापालिकेने माहीम पार्क म्हणून खुलं केलं, 1927 मध्ये त्याला शिवरायांचं नाव मिळालं.